घरच्या घरी मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग: खिशाला परवडणारी सामग्री निवडताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भजनी मंडळातली मंडळी, गाणं शिकणारी मुलं आणि त्यांचे आईवडील, स्वतःच्या चाली बांधणारे मित्र, या सगळ्यांकडून वर्षभर जे प्रश्न येत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. ज्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या उत्तरात आलं आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. किमती ठोकळमानाने आहेत. डॉलर हलला की त्याही हलतात.

१. मल्टिट्रॅक म्हणजे नेमकं काय? मोबाइलवर रेकॉर्ड करतो, तेवढं पुरत नाही का?

मोबाइल समोर ठेवून गाणं घेतलं की गळा, पेटी, तबला आणि खिडकीबाहेरची रिक्षा हे सगळं एकाच फाइलमध्ये मिसळून जातं. नंतर तबला मोठा वाटला तर एकट्या तबल्याचा आवाज कमी करता येत नाही. मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, साठवला जातो. त्यामुळे प्रत्येकाचा आवाज मागाहून कमी-जास्त करता येतो, एखादी ओळ बेसूर गेली तर तेवढीच पुन्हा गाता येते आणि आज गळा, उद्या बासरी असंही करता येतं.

रियाझ तपासायचा असेल किंवा गुरुजींना बंदिश पाठवायची असेल, तर मोबाइल पुरेसा आहे. त्यासाठी खर्च करू नका.

२. दुकानदार म्हणतो “हे आठ ट्रॅकचं आहे”. म्हणजे आठ माइक लागतील ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजापायी वाया जातात. ट्रॅक म्हणजे यंत्रात किती आवाज एकावर एक रचता येतात ती संख्या. इनपुट म्हणजे एका वेळी किती आवाज आत घेता येतात ती संख्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात ट्रॅकचा आकडा असतो. तुम्हाला हवा तो आकडा मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असतो. टॅस्कॅमच्या डीपी-००८ईएक्स या छोट्या रेकॉर्डरवर ट्रॅक आठ आहेत, पण एका वेळी दोनच रेकॉर्ड होतात. एकट्याने एकेक वाद्य वाजवत गाणं उभारणाऱ्यासाठी ते यंत्र उत्तम आहे. चार जणांच्या मंडळासाठी नाही. दुकानात एवढंच विचारा: “एका वेळी किती माइक, आणि प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर जातो का?”

३. मग मला किती इनपुट घ्यावे लागतील?

आधी हे ठरवा की तुमच्या घरात एका वेळी, एकमेकांकडे बघत, किती जण गाणार-वाजवणार आहेत. बाकी सगळं त्यावर ठरतं.

भावगीतासारखं ठरलेल्या चालीचं गाणं एकेक करून घेता येतं. आधी पेटी, मग तबला, शेवटी गळा. त्याला दोन इनपुट भरपूर झाले. पण ख्याल, ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग असं गाणं तुकड्यातुकड्याने होत नाही. गायक तान घेऊन समेवर येतो तेव्हा तबलजी त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो. पेटीवाला अर्धी मात्रा मागे राहून त्याचा स्वर उचलतो. तबला आधीच वाजवून ठेवला आणि गायक नंतर त्यावर गायला, तर सगळं बरोबर येऊनही गाणं निर्जीव वाटतं. अशा गाण्यासाठी सगळे एकत्र बसले पाहिजेत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या घरात तबला आणि पेटी एकत्र वाजते त्या घराने चार माइक-इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज यूएसबीने लॅपटॉपमध्ये नेणारं खोकं) घ्यावा. गळा एक, पेटी एक, तबल्याला दोन. दोन इनपुटचं यंत्र घेतलेली मंडळी पुढे चारचं घेतात आणि पहिलं कपाटात पडून राहतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. उलट तुम्ही एकटेच गिटार वाजवून गात असाल तर दोनच्या पुढे जायचं कारण नाही.

भजनी मंडळाला सहा ते आठ लागतात असं वाटतं, पण टाळकऱ्यांना प्रत्येकी माइक नको असतो. सगळ्या टाळांना मिळून एक, तोही दोन मीटर लांब. टाळ इतका तीक्ष्ण वाजतो की तो बाकीच्या सगळ्या माइकमध्ये आपोआप येतोच.

४. लॅपटॉप आणि इंटरफेस घ्यावा, की स्वतंत्र रेकॉर्डर?

लॅपटॉप घरात असेल तर इंटरफेस. त्याच पैशात इनपुट जास्त चांगले मिळतात आणि काटछाट मोठ्या पडद्यावर होते. दोन माइक-इनपुटच्या इंटरफेसमध्ये बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी आणि फोकसराइट स्कार्लेट २आय२ ही नावं सहज मिळतात. ढोबळ हिशेब सहा-सात हजारांपासून वीस हजारांपर्यंत. चार माइकसाठी बेहरिंगर यूएमसी ४०४ एचडी हा खिशाला झेपणारा पर्याय आहे. एक काळजी घ्या: नावात चार असलं म्हणून माइकही चार लागतील असं नाही. स्कार्लेट ४आय४ मध्ये माइकसाठी दोनच जागा आहेत. उरलेले दोन इनपुट कीबोर्डसारख्या वाद्यांसाठी आहेत.

गाणं घरात होणार नसेल, देवळात, वारीच्या मुक्कामी किंवा गावच्या सप्ताहात होणार असेल, तर झूम एच६ सारखा हातातला रेकॉर्डर बरा. त्याला चार माइक बाहेरून लागतात, डोक्यावर जोडमाइक असतो, असे सहा ट्रॅक वेगवेगळे मिळतात आणि तो साध्या पेन्सिल सेलवर चालतो. वीज गेली तरी कीर्तन थांबत नाही आणि रेकॉर्डिंगही थांबत नाही. पुढे तेच यंत्र घरी लॅपटॉपला इंटरफेस म्हणूनही जोडता येतं.

५. लॅपटॉप नाही, फोन आहे. त्याला इंटरफेस जोडता येतो का?

येतो. इंटरफेस ‘क्लास कम्प्लायंट’ आहे का ते विचारा. म्हणजे वेगळा ड्रायव्हर (यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) न घालता तो चालतो. यूएसबी-सी असलेल्या आयफोन-आयपॅडवर मोफतच्या गॅरेजबँडमध्ये काम छान होतं. जुन्या लायटनिंगवाल्या फोनला चार्जिंगची जागा असलेला कॅमेरा अडॅप्टर लागतो, कारण फोन एकटा इंटरफेसला पुरेशी वीज देत नाही. अँड्रॉइडवर फोनगणिक अनुभव बदलतो. मित्राचा इंटरफेस तासभर आणून आपल्याच फोनला लावून बघा, मगच विकत घ्या.

६. मंडळाचा यूएसबी मिक्सर आहे, आठ चॅनेलचा. त्यावर मल्टिट्रॅक होईल ना?

बहुतेक नाही. स्वस्त यूएसबी मिक्सर आठही माइक एकत्र करून लॅपटॉपला डावा आणि उजवा असे दोनच आवाज पाठवतात. समोर आठ पट्ट्या दिसतात, पण फाइल दोनच पट्ट्यांची. तुमचा कसा आहे हे तपासायला तो लॅपटॉपला जोडा आणि सॉफ्टवेअरमध्ये इनपुटची यादी उघडा. यादीत १ आणि २ एवढेच दिसले तर विषय संपला.

तरीही एक मधला मार्ग आहे. ‘पॅन’चं बटण एका माइकला पूर्ण डावीकडे, दुसऱ्याला पूर्ण उजवीकडे फिरवा. गळा डावीकडे, बाकी सगळं उजवीकडे. दोन स्वतंत्र ट्रॅक मिळाले. गळा वेगळा हाती आला की निम्मं काम झालं.

७. पहिला माइक कोणता घ्यावा? कंडेन्सर की डायनॅमिक?

ज्याच्या घरात पंख्याचा, रस्त्याचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज येतो त्याने डायनॅमिक. तो जवळचं ऐकतो आणि लांबचं फारसं घेत नाही. शुअरचे एसएम५७ आणि एसएम५८ साठीच्या दशकापासून चालत आले आहेत आणि पडले-झडले तरी तक्रार करत नाहीत. तेवढे पैसे नसतील तर बेहरिंगर एक्सएम८५०० घ्या. भजनाच्या मुख्य आवाजासाठी मी तो निर्धास्त सुचवतो.

कंडेन्सर तंबोरा, सतार, बासरी यांचे बारकावे फार सुंदर टिपतो. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा त्यातला परवडणारा आणि विश्वासाचा. पण तो खोलीही तितकीच बारकाईने टिपतो (प्रश्न ११). त्याला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू करावं लागतं. वायर जोडून झाल्यावर चालू करायचं आणि काढण्याआधी बंद. नीट वायरिंगच्या केबलवर डायनॅमिक माइकला त्या ४८ व्होल्टने काही होत नाही. जुना रिबन माइक असेल तर मात्र त्याला तो वीजपुरवठा लावू नका.

८. ऑनलाइन हजार रुपयांत स्टँड, फोम, वायर सगळ्यांसकट कंडेन्सर मिळतो. घेऊ का?

स्टँड आणि फोम कामाचे. माइकबरोबर येणारी वायर एका टोकाला कॅनन (माइकची गोल, तीन पिनांची एक्सएलआर जोडणी) आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलची बारीक ईपी पिन अशी असते. ती थेट लॅपटॉपच्या भोकात घातली की आवाज मुळमुळीत येतो, मागे सळसळ. हे संच मल्टिट्रॅकसाठी बनवलेलेच नसतात. तेवढे पैसे बाजूला ठेवा आणि दोन महिन्यांनी प्रश्न ७ मधला माइक घ्या.

९. तबला, पेटी, पखवाज यांचे माइक कुठे लावायचे?

माइक बदलण्याआधी त्याची जागा बदलून बघा. वीतभर सरकवलेला माइक जेवढा फरक पाडतो तेवढा दहा हजारांचा नवा माइकही पाडत नाही.

तबल्याला एकच माइक असेल तर दायाँ-बायाँच्या मधोमध, हातभर उंचीवर, किंचित वादकाच्या विरुद्ध बाजूने. खूप जवळ नेला तर चाटीचा कडकडाट येतो आणि बायाँच्या मींडेचा घुमारा हरवतो. दोन माइक असतील तर प्रत्येकी वीतभर अंतरावर. पेटीला माइक भात्याच्या बाजूला नको, हवेचा फुसफुस आवाज येतो. वरून, उजव्या हाताच्या पट्ट्यांवर, दीड-दोन वीत उंच ठेवा. पट्ट्यांची खटखट फार ऐकू आली तर आणखी वर.

गायकाचा माइक असा धरा की माइकची पाठ तबल्याकडे असेल. एसएम५८ सारखा माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे गळ्याच्या ट्रॅकमध्ये तबला कमी गळतो. दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर आवाज पोकळ होतो.

पखवाजाची गोष्ट वेगळी. डाव्या बाजूला लावलेली कणीक वाळत जाते तसा धुमाचा स्वर चढतो. पहिल्या टेकचा अभंग आणि तासाभराने घेतलेलं दुसरं कडवं जोडायला गेलात तर सांधा लगेच कळतो. दर टेकआधी कणकेला पाण्याचा हात लावा आणि पेटीवर स्वर जुळवून घ्या.

१०. हेडफोन कोणते? कानातले चालतील?

बंद कपाचे, वायरवाले. ब्लूटूथ अजिबात नाही, कारण आवाज उशिरा पोचतो. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स ही चांगली सुरुवात आहे.

बंद कप का, ते एकदा माझ्या वाट्याला आलं. एका मावशींच्या ओव्या घेत होतो. त्यांच्या कानावर उघड्या कपाचे हेडफोन होते, त्यात तालासाठी टिकटिक लावलेली. मावशी हळू आवाजात, छातीतून गात होत्या. घरी येऊन ऐकलं तर प्रत्येक ओवीच्या मागे टिक, टिक, टिक. ती काढता येईना. मावशींनी पुन्हा गायलं, पण पहिल्या वेळचा तो थबकलेला श्वास परत आला नाही.

चौघांना हेडफोन द्यायचे असतील तर चार भोकांचा छोटा हेडफोन-अॅम्प्लिफायर घ्या. एका भोकाला वायरी जोडून-जोडून चार जण ऐकले की कुणालाच नीट ऐकू येत नाही.

११. खोलीत आवाज घुमतो. फोम चिकटवू का?

आधी गाद्या काढा. पातळ फोम फक्त वरचे स्वर शोषतो. खोली बधिर वाटते पण तळचा घुमारा तसाच राहतो. गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड रजया टाका, खाली सतरंजी, बाजूला कपड्यांचं उघडं कपाट. भिंतीपासून दोन हात पुढे बसा. खोलीच्या बरोबर मधोमध बसू नका. पंखा बंद, फ्रिज शेजारी असेल तर तेवढा वेळ तोही बंद, आणि तो परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. पत्र्याचं घर असेल तर पावसाळ्यात पहाटेची वेळ आणि पावसाची उघडीप यांवरच भिस्त.

१२. सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल का?

सुरुवातीला नाही. मॅकवर गॅरेजबँड मोफत आहे. विंडोजवर मी रीपर सुचवतो: साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, मग घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला. जुन्या लॅपटॉपवरही ते हलकं चालतं. ऑडॅसिटी एका फाइलच्या काटछाटीला उत्तम, पण चार माइक घेऊन एखादीच ओळ पुन्हा गायची असेल तर रीपरमध्ये काम सोपं जातं. इंटरफेसबरोबर मिळणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरची नोंदणी मात्र करून ठेवा.

१३. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो. इंटरफेस खराब आहे का?

खराब नाही. आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत येतो, त्याला वेळ लागतो. सेटिंगमध्ये बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा साठा करून हाताळतो तो) १०२४ सँपल, म्हणजे आवाजाचे नमुने, असेल तर ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार नमुने) एका बाजूलाच सुमारे २१ मिलिसेकंद जातात. ते १२८ वर आणलं तर तीनपेक्षा कमी. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर घाला. सगळ्यात सोपा उपाय इंटरफेसवरच असतो: ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण. ते दाबलं की तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो. त्यावेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी ऐकू येईल. गाणं घेऊन झालं, आता मिक्स करायचं, की बफर पुन्हा वाढवा.

१४. ९६ किलोहर्ट्झवर घेतलं तर आवाज चांगला येतो का? जागा किती लागते?

घरच्या कामाला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ९६ ने फाइल दुप्पट होते, गाणं दुप्पट चांगलं होत नाही. २४ बिट मात्र सोडू नका, कारण त्यामुळे लेव्हल कमी ठेवून काम करता येतं. सर्वांत जोरकस तान किंवा तिहाई उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल एवढंच गेन (इंटरफेसवरचं माइकचा आवाज वाढवायचं बटण) ठेवा. तालमीत गायक सांभाळून गातो आणि रेकॉर्डिंगला रंगतो. वरची जागा त्यासाठी मोकळी हवी. एकदा आवाज फाटला की तो दुरुस्त होत नाही.

एका ट्रॅकला मिनिटाला ८.६ एमबीच्या आसपास जागा लागते. आठ ट्रॅक, एक तास, म्हणजे चार जीबीपेक्षा थोडी जास्त.

१५. सगळं बरोबर जोडलंय, तरी “हम्म्” असा आवाज येतो.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तेच कारण. इंटरफेस, लॅपटॉप, कीबोर्ड सगळं एकाच तीन पिनच्या बोर्डावर घ्या आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, त्याने जिवाशी खेळ होतो. चार्जर काढूनही आवाज राहिला, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमरचे दिवे बंद करून बघा. मग माइकची वायर बदला. मोठी पी-३८ पिन लावलेल्या लांब वायरीपेक्षा दोन्ही टोकांना कॅनन असलेली वायर घरघर कमी धरते.

१६. एकेक वाद्य घ्यायचं तर आधी काय घ्यावं?

आधी सूर. पेटीचे स्वर जागेवर बदलता येत नाहीत, म्हणून पेटी हाच आधार. घरातली जुनी पेटी बहुधा ४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वराला नेमकी नसते. अॅपवरचा तंबोरा ‘काळी एक’ला लावला म्हणजे तो पेटीच्या काळी एकशी जुळलाच असं होत नाही. अॅपमध्ये बारीक स्वर फिरवायची सोय असते, तंबोरा पेटीला लावा, पेटी तंबोऱ्याला नाही. मिरजेचा खरा तंबोरा घरात असेल तर तो आधी पाच मिनिटं सलग घेऊन ठेवा.

मग कामचलाऊ गळा, मग तबला, शेवटी खरा गळा. लय वाढत जाणाऱ्या भजनाला टिकटिक लावू नका. पुंडलिक वरदेपर्यंत पोचताना लय जिथे चढायची तिथे ती चढलीच पाहिजे.

१७. दोन-दोन इनपुटचे दोन इंटरफेस जोडून चार करता येतील का?

मॅकवर ‘अॅग्रिगेट डिव्हाइस’ (दोन यंत्रं मिळून एकच दिसेल अशी सोय) करून येतील. विंडोजवर आटापिटा फार. प्रत्येक इंटरफेसचं घड्याळ वेगळं असतं, त्यामुळे लांब ख्यालात तबला आणि गळा हळूहळू एकमेकांपासून सरकू शकतात. पुढे वाढवायचं असेल तर सुरुवातीलाच ‘अॅडॅट’ हे ऑप्टिकल इनपुट असलेला इंटरफेस बघा. त्याला बेहरिंगर एडीए८२०० सारखं यंत्र लावून एका वायरीत आणखी आठ माइक येतात, तेही एका घड्याळावर.

१८. वापरलेली सामग्री घ्यावी का?

डायनॅमिक माइक आणि स्टँड बिनधास्त. फक्त नावाजलेल्या माइकच्या नकला बाजारात खूप आहेत, म्हणून आधी ऐकून घ्या. कंडेन्सर घेताना मालकाने पावसाळ्यात तो कसा ठेवला ते विचारा. ओल लागलेला कंडेन्सर तडतडतो. कोकणात राहणाऱ्यांनी तर माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबतच ठेवावा. फायरवायरचे इंटरफेस फार स्वस्तात मिळतात, पण नव्या लॅपटॉपला ते भोकच नाही. सगळी बटणं फिरवून, प्रत्येक इनपुटला माइक लावून बघा. ४८ व्होल्ट कंडेन्सर लावूनच तपासा.

१९. काकांनी परदेशातून आणलेला चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आहे. त्यावरच्या जुन्या कॅसेट साध्या टेपवर उलट्या-सुलट्या वाजतात. खराब झाल्या का?

खराब नसाव्यात. टॅस्कॅमने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ १४४ काढला. त्यात कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे मिळून चारही ट्रॅक एकाच दिशेने भरले जायचे, शिवाय टेप दुप्पट वेगाने फिरायची. म्हणून साध्या टेपवर दोनच ट्रॅक सरळ, तेही संथ आणि जाड आवाजात. बाजू पलटली की उरलेले दोन उलटे. ते मूळ यंत्र चालू असेल तर त्याचे पट्टे बदलून, हेड स्पिरिटने पुसून, चारही ट्रॅक चार इनपुटच्या इंटरफेसमध्ये एकाच वेळी घ्या. त्या यंत्राला चार स्वतंत्र आउटपुट नसतील तर पॅनची युक्ती करून दोन-दोन घ्या (प्रश्न ६) आणि सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात जुळवा. यंत्रच नसेल तर साध्या टेपवरून दोन्ही बाजू घ्या, वेग दुप्पट करा आणि दुसरी बाजू उलटी करा. जुनी टेप किती वेळा फिरवाल तितकी झिजते, म्हणून पहिल्याच फेरीला लेव्हल जपून ठेवा आणि फाइल झाली की तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर त्याच दिवशी काढा.